तीन तास लागले तर लागू देत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकांचं पत्र वाचलं, लोहगावला विमानात तीन तास बसवून ठेवलं आणि कारण काय तर वायरिंगचा फॉल्ट सापडेना. त्यांचा त्रास खराच आहे, बरोबर लहान मुलं असली की हाल होतात. पण मी हवाई दलात पंचवीस वर्षं इलेक्ट्रिकल फिटर होतो, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

जंबो विमानात साधारण 240 किलोमीटर वायर असते, म्हणजे पुण्याहून मुंबईला जाऊन परत लोणावळ्यापर्यंत येईल एवढी, आणि ती सगळी पॅनलमागे, फ्लोअरखाली गठ्ठे बांधून घातलेली. कुठे क्लॅम्पला घासून इन्सुलेशनला बारीक चीर पडते, वर हवेत व्हायब्रेशन, थंडी, ओल यांनी तिथे स्पार्किंग होतं आणि खाली उतरून मीटर लावला की कंटिन्युटी, म्हणजे वायर सलग आहे की नाही ते, एकदम ओके! स्नॅग, म्हणजे बिघाड, सापडला नाही असं लिहून सही करायची वेळ आली की मला रात्रभर झोप लागायची नाही.

अशा वेळी टीडीआर (टाइम डोमेन रिफ्लेक्टोमीटर) हे फॉल्टची जागा शोधायचं यंत्र लावतात. वायरीत एका टोकाने पल्स सोडायची, फॉल्टच्या जागेवरून ती परत फिरते, विहिरीत हाक मारल्यासारखं, आणि लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचं. वायरीत सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण 20 सेंटिमीटर जातो, म्हणजे 10 मीटरवरून उत्तर यायला 100 नॅनोसेकंद. वायर पूर्ण तुटली असेल तर जागा पटकन कळते, पण नुसती सोलवटलेली असेल तर उत्तर फार क्षीण येतं आणि वाटेतला प्रत्येक कनेक्टरही आपापलं उत्तर देतो, त्यातून नेमकं ओळखायचं म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. सप्लाय चालू असतानाच वायर तपासायची पद्धतही आता आहे, अमेरिकेत युटा विद्यापीठात सिंथिया फर्स यांनी त्यावर मोठं काम केलंय, म्हणजे हवेतला फॉल्ट हवेतच पकडता येईल.

1996 मध्ये टीडब्ल्यूए 800 या प्रवासी विमानाच्या इंधन टाकीत स्फोट होऊन 230 माणसं गेली, तपासात सगळ्यात जास्त संशय शॉर्ट सर्किटवर आला. 1998 मध्ये स्विसएअर 111 मध्ये कॉकपिटच्या सीलिंगच्या वरच्या पोकळीत वायरीत स्पार्किंग होऊन आग लागली, 229 गेले. साधा सर्किट ब्रेकर अशा तुटक स्पार्किंगला ट्रिपच होत नाही हो, जास्त करंट थोडा वेळ सलग वाहिला तरच तो पडतो.

म्हणून विनंती आहे, खाली उभ्या टेक्निशियनवर कृपा करून ओरडू नका, त्याला घाई लावू नका. आणि विमान कंपन्यांनीही नुसतं 'तांत्रिक कारण' म्हणून गप्प बसू नये, काय शोधतोय ते मराठीत अनाउन्स करावं, मुलांना पाणी-बिस्किटं द्यावीत आणि जास्त वेळ लागणार असेल तर लोकांना सरळ टर्मिनलमध्ये नेऊन बसवावं.

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रिकल फिटर, धानोरी, पुणे