आमच्या आशाताईंना, म्हणजे वस्तीवरच्या आशा स्वयंसेविकेला, जाहीर आभार

ताई, नमस्कार.

हे पत्र हातात दिलं असतं तर "अहो, आमचं कामच आहे ते" म्हणत तुम्ही घडी करून पिशवीत टाकलं असतं. म्हणून जाहीरच लिहिते.

बाळाला घेऊन घरी आलो तेव्हा माझ्या मोबाइलमधलं अ‍ॅप दर तीन तासांनी वाजायचं, आणि सासूबाईंचं म्हणणं, पोर रडलं की पाजायचं, त्यात काय एवढं! बाळ दिवसा ढाराढूर, रात्री दीडला टक्क जागं. तुम्ही आलात, झोळीच्या काट्यावर वजन केलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "लंगोट किती ओले होतात?" दिवस-रात्रीत सहा किंवा जास्त वेळा शू होतेय, वजन चढतंय, म्हणजे दूध पुरतंय. सुरुवातीला चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजावं लागतं, त्यात जगावेगळं काही नाही. माझा अर्धा घोर तिथेच मिटला.

मग बोलता बोलता मध्येच थांबून म्हणालात, "हे बघा, आत्ता." तो अजून धड जागाही नव्हता. मूठ तोंडाशी नेत होता, मान इकडेतिकडे वळवून ओठ चाटत होता. भूक अशी दिसते, रडणं फार उशिराचं. रडून चिडलेलं बाळ नीट पकडतही नाही. त्या दुपारी तो एकदाही न रडता प्यायला.

वेळापत्रक तुम्ही दिलंच नाहीत, क्रम दिलात. उठला की दूध, ढेकर, थोडं खेळणं, डोळे जड झाले की झोप, तीही उताणं. सकाळी खिडक्या उघडायच्या, दिवसा मिक्सर बंद ठेवायचा नाही. रात्री दिवा मंद, पाजताना गप्पा नाहीत. दिवस-रात्र कळायला दोन-तीन महिने लागतातच, हेही आधीच सांगून ठेवलंत. ह्यांची कुपवाड एमआयडीसीत पाळी बदलते, रात्रपाळीच्या आठवड्यात बाळाचं न्हाणं दुपारवर जातं, पण क्रम मोडत नाही. घड्याळाला बांधलं असतं तर हे जमलंच नसतं.

संध्याकाळी तो सारखा प्यायला लागला तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "दूध आटलं, पावडरीचा डबा आणा." उत्तर सासूबाईंनी दिलं, "आशाताई म्हणाल्यात, संध्याकाळी पोरं अशीच पितात." गुटीची सहाण अजून फळीवरच आहे. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, हे त्यांना न दुखावता तुम्ही कसं पटवलंत, मला अजून कळलेलं नाही. न्हाणं आणि पाळणा त्यांच्याकडे सोपवलात, त्यातच बहुतेक सगळं आलं.

नियमाप्रमाणे तुमच्या फेऱ्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. पण लसीकरणाची यादी घेऊन इथून जाताना मध्येच डोकावून "काल झोपलात का?" विचारायचात, ते कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. आणि तो प्रश्न बाळासाठी नसायचा, माझ्यासाठी असायचा.

आता सहाव्या महिन्याच्या फेरीला याल तेव्हा वरच्या जेवणाचं ठरवायचंय. सासूबाई मऊ भात म्हणतात, माझी आई नाचणी. निकाल तुम्हीच द्या, आणि त्या दिवशी चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.

तुमच्या वस्तीवरची एक आई