एकशेवीस जणांच्या तुकडीत उत्तरे कोण वाचणार?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

केंद्र सरकारच्या २०२५ च्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या यादीत २३ व्या स्थानावरून ५६ व्या स्थानावर घसरले, तेव्हा शहरात बरीच चर्चा झाली. या क्रमवारीत शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचे पूर्ण गुण हवे असतील तर १५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. त्यामुळे रिक्त जागांचा विषय निघाला, तो निघायलाच हवा होता. पण चर्चा विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारातल्या विभागांभोवतीच फिरत राहिली. पदवीला शिकणारी बहुतेक मुले तिथे नसतात. ती पेठांतल्या, डेक्कनवरच्या, हडपसर-भोसरीकडच्या संलग्न महाविद्यालयांत असतात आणि कला-वाणिज्यच्या पहिल्या वर्षाला एका तुकडीत १२० जण बसतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

मी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, अर्थशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाला मागणीचा नियम (भाव वाढला की मागणी घटते) शिकवला की मुले तो परीक्षेत नीट लिहितात. व्याख्या पाठ असते, आकृतीही बरोबर असते. पण ‘कांद्याचा भाव वाढला तर काय होईल, आकृतीने दाखवा’ असे विचारले की अनेक जण अख्खा मागणी वक्रच डावीकडे सरकवतात. भाव बदलला तर त्याच वक्रावर वर-खाली जायचे असते. वक्र सरकतो तो उत्पन्न, आवडनिवड किंवा पर्यायी वस्तूंचे भाव बदलल्यावर. ही चूक फळ्यावर कितीही वेळा समजावली तरी राहते, कारण ज्याची चूक आहे त्याला ती दुसऱ्या कुणाची तरी वाटते. त्याच्याच वहीत, त्याने काढलेल्या रेषेशेजारी दोन वाक्ये लिहून वही परत दिली की त्याच्या लक्षात येते. मराठी माध्यमातून आलेल्या आणि घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलांना तर याची फार गरज असते. वर्गात हात वर करून शंका विचारण्याचा धीर त्यांना वर्षभर होत नाही. कागदावर मात्र ती मोकळी होतात.

आता हिशेब पाहा. एक उत्तर वाचून त्यावर शेरा लिहायला दहा मिनिटे धरली तर १२० उत्तरांना २० तास लागतात. तीन तुकड्या असतील तर ६० तास. सत्रात दोनदा असे लेखन घ्यायचे म्हटले तर १२० तास, म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला आठ तास. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा ४० तासांचा असून सहायक प्राध्यापकाने त्यातले १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असतात. उरलेल्या २४ तासांत हे आठ तास बसू शकतात. म्हणजे पूर्णवेळ शिक्षक असेल तर १२० च्या तुकडीतही काहीतरी करता येते.

पण पूर्णवेळ शिक्षक आहेत कुठे? त्याच नियमावलीत म्हटले आहे की कंत्राटी नेमणुका अगदी आवश्यक असतील तेव्हाच कराव्यात आणि त्या एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात. पुण्यातल्या कोणत्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जाऊन विचारा, या अटीचे काय झाले ते कळेल. एका पूर्णवेळ पदाचे काम दोन सीएचबी (तासिका तत्त्वावरच्या) शिक्षकांत वाटले जाते आणि त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. उत्तरे वाचण्याचा, मुलांशी बोलण्याचा, तयारीचा वेळ हिशेबात कुठेच धरलेला नसतो. मानधनाचा दर वाढवा ही आमची मागणी रास्तच आहे. पण दर वाढला तरी वाचनाचा तास बिनपैशाचाच राहील. सकाळी शिवाजीनगरला दोन तास घेऊन दुपारी हडपसरचे कॉलेज गाठणारा शिक्षक साठ तासांचे वाचन कुठे करणार? जे करतात ते रात्री, स्वतःच्या घरी करतात. त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे, पण कुणाच्या चांगुलपणावर विद्यापीठ चालवता येत नाही.

भरती झालीच नाही असे नाही. २०१८ मध्ये शासनाने राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांसाठी सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरायला मान्यता दिली. त्यातली उरलेली २,०८८ भरायला परवानगी मिळाली ती २०२१ च्या नोव्हेंबरात. मधल्या काळात निवृत्त होणारे थांबले नव्हते. विनाअनुदानित तुकड्या तर शासनाच्या रिक्त पदांच्या हिशेबात येतच नाहीत. तिथे फी भरूनही मूल कुणाच्या हाताखाली शिकते, हे पालकांना कळायला मार्ग नाही.

‘१२० कागदावर, प्रत्यक्षात वर्गात येतात तीस-चाळीस,’ असे लोक म्हणतात. खरे आहे. पण आपण आलो काय आणि न आलो काय, कुणाला फरक पडत नाही हे मुलांना पहिल्या महिन्यातच समजते, म्हणून ती येत नाहीत. आणि अंतर्गत मूल्यमापन मात्र सगळ्या १२० जणांचे करावेच लागते. नव्या शैक्षणिक धोरणात तर मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम), ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक) अशी विषयांची संख्या वाढली, त्याबरोबर मूल्यमापनही वाढले.

पुण्याला पूर्वेकडचे ऑक्सफर्ड म्हणवून घ्यायला आपल्याला आवडते. ऑक्सफर्डमध्ये दोन-तीन विद्यार्थी आपला निबंध घेऊन शिक्षकापुढे बसतात आणि तासभर त्यावर चर्चा होते. तेवढे आपल्याला परवडणार नाही, हे मान्य. पण विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकांसाठी तुकडीचे छोटे गट पाडतात, ते तास कार्यभारात, म्हणजे शिक्षकाच्या कामाच्या अधिकृत तासांत, धरतात आणि त्यावर पदे मागतात. लिहिणे हे कला-वाणिज्य शाखेचे प्रात्यक्षिकच आहे. पहिल्या वर्षाला प्रत्येक विषयात आठवड्यातून एक तास २०-२५ जणांच्या गटात लेखनाचा ठेवावा आणि तो कार्यभारात मोजावा. सीएचबी शिक्षकांनाही त्या तासाचे आणि तपासणीचे मानधन द्यावे. यातून पदांची खरी गरज कागदावर येईल. ती वाढेल म्हणूनच हे टाळले जाते, अशी माझी समजूत आहे.

यासाठी पैसा आणि वेळ लागेल. एक गोष्ट मात्र येत्या जूनच्या प्रवेशाआधी होऊ शकते. उच्च शिक्षण संचालनालय पुण्यातच, सेंट्रल बिल्डिंगमध्ये आहे. उच्च शिक्षणमंत्री कोथरूडचे आमदार आहेत. प्रत्येक तुकडीत किती विद्यार्थी आहेत, कोणता विषय पूर्णवेळ शिक्षक शिकवतो आणि कोणता तासिका तत्त्वावरचा, हे महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर प्रवेशाच्या वेळीच लावणे त्यांनी सक्तीचे करावे. तोवर पालकांनी प्रवेशाच्या खिडकीवर फीबरोबर हेही विचारावे.

आपली विश्वासू,
तासिका तत्त्वावरील एक शिक्षिका, पुणे ३०
(नाव संपादकांकडे दिले आहे)