तो जुगाड नव्हता

महोदय,

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्यावरील आपल्या लेखात त्यांच्या ‘रेड स्पेशल’ गिटारला ‘घरगुती जुगाड’ म्हटले आहे. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणे. ही गिटार १९६३ साली सोळा वर्षांच्या ब्रायनने वडिलांच्या मदतीने करायला घेतली. ती पुरी व्हायला सुमारे दोन वर्षे लागली आणि ‘क्वीन’ची बहुतेक गाणी तिच्यावरच वाजली. वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार अभियंते होते. विकतची चांगली गिटार परवडत नव्हती, एवढेच खरे.

साहित्य मात्र जुनेपाने होते. मान भिंतीतल्या जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीची. त्यातली किड्यांची भोके आगकाड्यांनी बुजवली. फ्रेटबोर्डवरचे (मानेवर बोटे दाबायच्या पट्टीवरचे) ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांचे.

खरे डोके लढवले आहे ते ट्रेमोलोत, म्हणजे दांड्याने सूर हलवण्याच्या यंत्रणेत. दांडा दाबला की तारा सैल होतात, सोडला की परत ताणल्या जातात. या ये-जा करण्यात तार घोडीवर (खोडावरच्या तारांच्या आधारावर) किंवा मानेच्या वरच्या टोकाच्या खाचेत जराशी जरी अडकली तरी गिटार बेसूर होते. साध्या गिटारी इथेच मार खातात. मे यांनी ट्रेमोलोची पट्टी पोलादी धारेवर तोलली, तराजूची दांडी तोलतात तशी. तारांच्या ओढीला समतोल म्हणून जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा लावल्या. घोडीवर तारेखाली फिरत्या रुळ्या बसवल्या. वरच्या टोकाला खाचेलगत ‘झीरो फ्रेट’ ही धातूची आडवी पट्टी दिली, तार तिच्यावर टेकते, म्हणजे खाचेचे काम फक्त तारेला वाट दाखवण्याचे. तिथून खुंटीपर्यंत तार सरळ जाते. घासायला जागाच ठेवली नाही. दांडा सायकलच्या बॅगेच्या आधाराचा आणि त्याचे टोक आईच्या विणकामाच्या सुईचे, हे लेखात आले आहे. पण ती गंमत झाली, गाभा नव्हे.

चुकाही झाल्या. पहिले पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारे चुंबक-वेटोळ्याचे भाग, घरी, सुटी चुंबके आणून केले होते. पण तार ओढून सूर चढवला की चुंबकांच्या मांडणीमुळे नको तो आवाज येई. मग बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत आणले आणि वेटोळ्यांत एपॉक्सी ओतली, कारण सैल वेटोळे मोठ्या आवाजात थरथरून शिट्टी मारते. तारेने ॲम्प्लिफायरसमोर आपणहून गुंजावे हे मात्र हवे होते. त्यासाठी खोडात मुद्दाम पोकळी ठेवली आहे. तिन्ही पिकअप एकापुढे एक जोडलेले, प्रत्येकाला चालू-बंदचा आणि फेज (विजेच्या लहरीची दिशा) उलटण्याचा वेगळा स्विच. दोन पिकअप उलट फेजमध्ये घेतले की मूळ स्वर बराचसा कटतो, वरचे उपस्वर उरतात आणि आवाज पातळ, टोचरा होतो.

छेडायला सहा पेन्सचे नाणे. प्लास्टिकची पट्टी वाकते आणि बोटांचा जोर मध्येच जिरतो, तसे नाण्यात होत नाही. शिवाय कंगोऱ्यांमुळे स्वराच्या सुरुवातीला किंचित खरखर मिळते.

‘क्वीन’चे गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्या पाचगणीच्या शाळेवर लेखात निम्मा रकाना आहे, ते ठीकच. पण मे यांची डॉक्टरेट ‘मानद’ म्हटली आहे, ते दुरुस्त व्हावे. सूर्यमालेतल्या धुळीच्या वेगांवरचे संशोधन त्यांनी १९७४ मध्ये बाजूला ठेवले आणि २००७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात रीतसर प्रबंध देऊन पुरे केले. मधल्या तेहेतीस वर्षांत त्या धुळीवर फारसे कुणी काम केले नव्हते, म्हणून जुनी निरीक्षणे कामी आली.

– एक वाचक, पुणे