जुन्या गोव्यातील लॅटिन लेख वाचायचे कुणी?

संपादक महोदय,

से कॅथेड्रलच्या मुख्य दारावर लॅटिन लेख आहे. पोर्तुगालच्या डोम सेबास्तियांव राजाच्या काळात, १५६२ मध्ये हे बांधकाम सुरू करण्याचा आदेश निघाला, असे तो सांगतो. त्याखालून पर्यटक सेल्फी काढत आत जातात. दारावरचा लेख निदान सुरक्षित तरी आहे. खरी झीज होते ती फरशीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांची. चपलांखालची वाळू अक्षरे घासून काढते.

भिंतींचे दुखणे वेगळे. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडत नाही. क्षार पृष्ठभागाखाली साचून स्फटिक होतात आणि दगड भुगा होऊन गळतो. तिथे चुन्याचाच गिलावा हवा.

या लेखांच्या नोंदणीला फार खर्च नाही. अंधार पडल्यावर दिवा शिळेलगत, जेमतेम १०-१५ अंशांवर धरावा, चारही बाजूंनी एकेक छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी. झिजलेली अक्षरेही सावलीने उठतात. खडू, तेल, आम्ल, तारेचा ब्रश यांपैकी काहीही लावू नये (उत्साही मंडळी हेच आधी करतात). वाचताना ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो आणि अक्षरावरची आडवी रेघ म्हणजे बहुधा गाळलेला ‘एम’ किंवा ‘एन’, एवढे ध्यानात ठेवावे.

१९६० च्या दशकाआधी सेमिनरीत लॅटिन शिकलेले धर्मगुरू आज वयोवृद्ध आहेत. पुरातत्त्व खात्याने हे काम त्यांना सोबत घेऊन आताच करावे.

– एक वाचक, मडगाव