टॉपअपच्या भरवशावर राहू नकोस

प्रिय मंद्या,

तुझे एफएमआरआयचे (मेंदूचं काम टिपणाऱ्या एमआरआयचे) पायलट, म्हणजे चाचणीचे, स्कॅन पाहिले. कपाळामागचा मेंदू ओल्या सदऱ्याच्या बाहीसारखा ताणलाय आणि डोळ्यांच्या वरचा भाग तर गायबच. मशीनला शिव्या घालू नकोस. 3 टेस्लाचं चुंबक रिकामं असतं तोवर गुणी असतं, आपण त्यात डोकं घालतो तिथे बिघडतं. नाकामागच्या पोकळीत हवा, लगेच वर मेंदू; दोघांच्या चुंबकीय ग्रहणशीलतेत सुमारे 9 पीपीएमचा (दहा लाखांत नऊ भागांचा) फरक, म्हणून तिथलं क्षेत्र वाकतं. शिमिंग करून, म्हणजे जादा कॉइलनी क्षेत्र एकसारखं करून, ते ढोबळमानाने सावरतं, पण एवढ्याशा जागेतली वाकडी वळणं शिमिंगच्या आवाक्याबाहेरची.

आता नुसत्या 1 पीपीएमचा हिशेब कर. 3 टेस्लाला प्रोटॉनच्या वारंवारतेत त्याचे झाले 128 हर्ट्झ. मेंदूची रचना दाखवणाऱ्या टी-वन स्कॅनला याचं फारसं सोयरसुतक नाही. पण मॅन्सफिल्डचं ईपीआय, म्हणजे तू वापरतोस ती झटपट स्कॅनची पद्धत, एका दमात अख्खी स्लाइस (मेंदूचा एक काप) वाचतं, त्यामुळे फेज एन्कोडिंगच्या दिशेत (चित्राच्या ज्या दिशेत जागा सिग्नलच्या फेजवरून ठरते) एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम 25 हर्ट्झ येतात. म्हणजे पाच पिक्सेल सरकले. तुझे व्हॉक्सेल (त्रिमितीय पिक्सेल) 3 मिमीचे, तेव्हा दीड सेंटिमीटर! ग्रॅपा 2 लावलंस, म्हणजे निम्म्याच रेषा वाचल्यास, की हे निम्म्यावर येईल.

उरलेल्यासाठी प्रत्येक रनच्या (स्कॅनच्या फेरीच्या) लगत उलट फेज एन्कोडिंगचे चार-पाच व्हॉल्यूम (अख्ख्या मेंदूची चित्रं) घे. एकात जे ताणलंय ते दुसऱ्यात दबलेलं असतं, आणि एफएसएल या मेंदूस्कॅनच्या सॉफ्टवेअरमधलं टॉपअप दोन्ही ताडून मधलं खरं चित्र काढतं. मिनिटाचंही काम नाही, तरी लोक घाईत नेमकं तेच गाळतात. डोकं हललं की क्षेत्रही बदलतं, म्हणून सकाळचं दुपारी चालणार नाही.

मात्र गायब झालेला भाग टॉपअप परत आणत नाही. तिथे व्हॉक्सेलच्या आतच प्रोटॉन एकमेकांशी ताल सोडतात आणि सिग्नल मरतो. जे नोंदलंच गेलं नाही ते कुठून आणणार? आणि तुझा सगळा प्रयोग बक्षिसाचा, म्हणजे ऑर्बिटोफ्रंटलचा, त्याच डोळ्यांवरच्या भागाचा! तेव्हा आधीच स्लाइस पातळ कर, टीई (सिग्नल वाचण्याआधीची वाट) 25 मिलिसेकंदांच्या आसपास आण, स्लाइस 30 अंशांपर्यंत तिरक्या घेऊन बघ. तिरकेपणाची दिशा चुकली तर आणखी बिघडतं, ते पायलटवरच तपास. पातळ स्लाइसने टीआर (एका व्हॉल्यूमला लागणारा वेळ) वाढेल. माझं ऐकशील तर वरचा पॅरायटल (मेंदूचा मागे-वरचा भाग) सोडून दे, तुला तो लागत नाही.

ऑक्सफर्डच्या मंडळींनी तर तोंडात टाळूला ग्राफाइट लावून क्षेत्र सरळ करून पाहिलं होतं. तुझे स्वयंसेवक पळून जातील, तो नाद नको. 7 टेस्लाचाही नको, तिथे हेच दुखणं दुपटीहून जास्त.

नवे पायलट झाले की कच्च्या फाइली पाठव, दुरुस्त केलेल्या नकोत. काकूंना नमस्कार.

तुझा,
समीर