चार बटणे दाबली, महापौराचे एकही नव्हते

मा. संपादक,
स. न.

१५ जानेवारीला ठाणे महापालिकेच्या निवडणुकीत नौपाड्यातल्या केंद्रावर मी प्रभागाच्या चार नगरसेवकांसाठी अ, ब, क आणि ड अशी चार बटणे दाबली. बाहेर पडताना एक जुनी विद्यार्थिनी भेटली. लग्नानंतर ती घोडबंदरला राहते, आईला मतदानाला आणायला माहेरी आली होती. म्हणाली, "सर, आता महापौर बसला की आमच्याकडचे टँकर बंद होतील ना?"

मी तिला नागरिकशास्त्र शिकवले आहे. 'महापौर हा शहराचा ____ नागरिक असतो', रिकामी जागा भरा, गुण एक. 'प्रथम' लिहिले की गुण मिळायचा आणि आम्ही पुढच्या धड्याकडे वळायचो. या प्रथम नागरिकाच्या हातात नेमके काय असते, हे मी वर्गात कधी सांगितले नाही. ते राहिलेले आज सांगतो.

आपल्याला वाटते महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री. प्रचारातही 'महापौर आमचाच' हे त्याच थाटात सांगितले जाते. प्रत्यक्षात कायद्याने कारभाराचे अधिकार आयुक्तांना दिले आहेत, आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात ही वाटणी आहे, ठाण्याला लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यातही तीच. ठाण्यात खर्चाची मंजुरी सोळा जणांच्या स्थायी समितीकडे, धोरण महासभेकडे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेकडे. महापौर त्या महासभेचा अध्यक्ष. म्हणजे मुख्यमंत्र्यापेक्षा त्याचे नाते विधानसभेच्या अध्यक्षांशी जवळचे. जुन्या ठाणेकराला विचारा, रस्ते कोणी रुंद केले? तो चटकन 'टी. चंद्रशेखर' म्हणेल. ते आयुक्त होते. त्या वेळी महापौर कोण होते, हे आठवायला त्याला डोके खाजवावे लागेल.

'महापौर' हा शब्द सावरकरांनी दिला. पौर म्हणजे पुरात राहणारा. तेव्हा महापौर म्हणजे मोठा नागरिक, एवढेच. शब्दात मान आहे, सत्ता नाही. भाषा कधी कधी कायद्यापेक्षा प्रामाणिक असते.

ठाण्याचा इतिहास तर या बाबतीत फारच बोलका आहे. इथे नगरपालिका १८६३ पासून. १९६७ मध्ये शिवसेनेला सत्तेची पहिली चव इथेच मिळाली आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. १९७४ मध्ये नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता, तेव्हा सतीश प्रधान निवडून आले. मासुंदा तलावाच्या काठचे गडकरी रंगायतन हे नाट्यगृह त्यांच्याच कारकिर्दीत, १९७८ मध्ये उभे राहिले. १ ऑक्टोबर १९८२ ला नगरपालिकेची महापालिका झाली, पण पहिली निवडणूक व्हायला १९८६ उजाडले. पहिले महापौर झाले ते पुन्हा सतीश प्रधानच. माणूस तोच, शहर तेच, पद मात्र 'महा' झाले. आणि ज्याला आधी गावाने निवडले होते त्याला आता नगरसेवकांनी निवडले. गाव मोठे झाले आणि आपले मत एका पायरीने मागे सरकले. त्यातही तेव्हा मुदत जेमतेम एक वर्षाची असे. आता अडीच वर्षांची आहे, आणि पद कोणत्या प्रवर्गाला जाणार याची सोडत मंत्रालयात निघते.

मग हे पद नुसते शोभेचे, उपवनच्या महापौर बंगल्यापुरते आणि वर्षा मॅरेथॉनला झेंडा दाखवण्यापुरते? मलाही बरीच वर्षे तसेच वाटायचे. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे आयुक्तच प्रशासक राहिले, तेव्हा मत बदलले. या काळात प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणाराही एकच. कामे झाली असतील, नाही म्हणत नाही. पण 'हे कशासाठी?' असे उभे राहून विचारायला कोणी नव्हते. महासभेत निदान लक्षवेधी सूचना लागते, एखादा विरोधी नगरसेवक गोषवाऱ्याची पाने फडकावत ओरडतो, दुसऱ्या दिवशी ते छापून येते. त्या ओरडण्याची किंमत मला ते बंद झाल्यावर कळली.

म्हणून माझ्या लेखी महापौराची परीक्षा एकच. सभा कशी चालवतो? कायद्यात दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत एक सर्वसाधारण सभा घ्यायची आहे. ती तहकुबीवर तहकुबी न होता होते का? विषयपत्रिकेत नसलेले, आयत्या वेळचे विषय किती येतात? कुठल्याही पालिकेच्या सभेत शेवटच्या दहा मिनिटांत 'मंजूर, मंजूर, मंजूर' असा गजर होतो आणि पन्नास विषय कोणी न वाचता पार पडतात. तो गजर थांबवायला आयुक्तांची परवानगी लागत नाही, राज्य सरकारचा निधी लागत नाही. खुर्चीवर बसलेल्याने 'थांबा, या विषयावर चर्चा होऊ द्या' म्हटले की पुरते. मते समसमान पडली तर निर्णायक मतही त्याचेच.

आणि ही सभा जनतेसाठी खुली असते. पाचपाखाडीतल्या महापालिका मुख्यालयाच्या नरेंद्र बल्लाळ सभागृहात कितीजण जाऊन बसले आहेत? मी स्वतः सदतीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले आणि दोनदाच गेलो, त्यातल्या एकदा मुलांना घेऊन. बल्लाळ वर्तमानपत्रवाले होते, म्हणून ही पुढची विनंती तुमच्याकडेच.

महासभेच्या आदल्या दिवशी तुमच्या अंकात विषयपत्रिका छापा. सगळी नको, पाणी, रस्ते, मोकळे भूखंड आणि करवाढ एवढे विषय क्रमांकासह पुरेत. सभेनंतर त्याच चौकटीत प्रत्येक विषयापुढे किती मिनिटे चर्चा झाली तेवढे लिहा. विद्यार्थिनीचा फोन नंबर मी त्या दिवशी घेतला आहे. टँकरचा विषय पत्रिकेवर दिसला की तिला कळवतो. गॅलरीत आम्ही दोघेही येऊ.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे