ज्या अर्जावर तुमची सही नाही, त्या अर्जाबद्दल आभार

आदरणीय वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

विमा कंपनीचे पाच लाख रुपये गेल्या महिन्यात ह्यांच्या खात्यात जमा झाले. पेढे घेऊन आम्ही आलो तेव्हा तुम्ही कोर्टात होता. समोरासमोर मला हे सगळं बोलताही आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे, कारण आमच्यासारखी घरं सोलापूरच्या पूर्व भागात गल्लोगल्ली आहेत.

ह्यांचं काम जॉबरचं. माग बिघडला की दुरुस्त करून चालू करून द्यायचा. असाच एक माग बघताना उजवा हात गिअरमध्ये गेला. ऑपरेशनं झाली, हात वाचला. म्हणजे जागेवर राहिला. मूठ वळत नाही, चिमूट होत नाही. घराचं कर्ज घेताना बँकेने सोबत दहा लाखांची अपघात विमा पॉलिसी काढून दिली होती. तिच्यावर दावा केला, तर कंपनीचं पत्र आलं की अपघाताची खबर उशिरा दिली आणि हात शरीरापासून वेगळा झालेला नाही, सबब दावा नामंजूर. "तुटून पडला असता तर बरं झालं असतं," असं हे एकदा रात्री बोलून गेले. त्या पत्राचा मला राग आहे तो ह्या वाक्यासाठी.

तुमच्याकडे येण्याआधी एक गृहस्थ घरी येऊन गेले होते. क्लेम काढून देतो, मिळतील त्यातले तीस टक्के माझे, असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात की निकालाच्या रकमेत वाटा ठरवणं वकिलाला तर बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे. मग कागद चाळलेत आणि म्हणालात, "तुमचं काम पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, होण्यासारखं आहे. तिथे फी नाही आणि तिथे वकीलही चालत नाही. तुमचं तुम्हालाच बोलावं लागेल. तयारी मी करून घेते."

ताई, ज्या दारातून तुम्हाला आत जाता येत नाही, ते दार तुम्ही आम्हाला दाखवलंत. जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकून वकीलपत्र घेणं तुम्हाला सहज जमलं असतं आणि त्यात गैरही काही नव्हतं. पण आधी लोकपाल, तिथे समाधान झालं नाही तर आयोग, हा क्रम आमच्या सोयीचा होता. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, आपल्याला मात्र पुढचा रस्ता मोकळा. उलट आयोगात किंवा कोर्टात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. हे कळलं नसतं तर आम्ही उलट्या बाजूने सुरुवात करून बसलो असतो.

फाईलच्या पुठ्ठ्यावर तुम्ही लाल पेनाने दोन तारखा लिहिल्या होत्या. एक लोकपालांसाठी, नकारापासून एका वर्षाची; दुसरी ग्राहक आयोगासाठी, दोन वर्षांची. त्याआधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवून महिनाभर वाट बघायची होती. तो महिना मला फार जड गेला, पण तुम्ही एक दिवसही आधी अर्ज पाठवू दिला नाहीत.

त्या महिन्यात खरं काम झालं. आमच्याकडे पॉलिसी म्हणून होतं ते एक पानी प्रमाणपत्र. पूर्ण अटींची प्रत कंपनीकडून मागवून घ्या, असं तुम्ही बजावलंत. ती आली, आणि तिच्यातल्या तक्त्यात एका हाताच्या नुकसानीला विमा रकमेच्या ५० टक्के लिहिलेले निघाले. खाली बारीक अक्षरात स्पष्ट होतं की हात तुटणं किंवा त्याचा वापर कायमचा जाणं, दोन्ही ह्यात धरले जातील. नकाराच्या पत्रात अर्धीच अट उतरवली होती. उशिराच्या मुद्द्यावर तुम्ही विमा नियामकाचं २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक जोडायला दिलंत. केवळ उशिरा कळवलं म्हणून खरा दावा फेटाळू नये, असं त्यात कंपन्यांना सांगितलेलं आहे. दवाखान्यात भरती असल्याचे कागद तारखेवार लावले आणि तो मुद्दा तिथेच संपला.

सिव्हिल हॉस्पिटलच्या अपंगत्वाच्या दाखल्याबद्दलही तुम्ही सावध केलंत, आणि हे इतरांना मुद्दाम सांगण्यासारखं आहे. दाखल्यावरची अपंगत्वाची टक्केवारी वेगळी आणि पॉलिसीच्या तक्त्यातली टक्केवारी वेगळी. दाखल्यावर जेवढे टक्के तेवढेच पैसे, असा सगळ्यांचा समज असतो. पॉलिसीला हवं होतं ते एवढंच, की ह्या हाताचा उपयोग गेलेला आहे आणि तो परत येणार नाही. तेवढं एक वाक्य ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडून लिहून आणा म्हणालात. डॉक्टरांनी दोन ओळीत लिहून दिलं.

आणि तो सुताचा दिवस. येताना वीतभर सूत घेऊन या, असं तुम्ही ह्यांना सांगितलं होतं. टेबलावर ते मधोमध तोडलंत आणि म्हणालात, "तुटलेली तार जोडा." हे काम ह्यांनी आयुष्यभर न बघता केलेलं. डाव्या हाताने एक टोक धरलं, उजव्या हाताची बोटं दुसऱ्या टोकावर नुसती घसरत राहिली. कपाळावर घाम आला. तुम्ही घाई केली नाहीत, नजरही वळवली नाहीत. थांबल्यावर म्हणालात, "आता जे झालं ते आपल्या शब्दांत सांगा," आणि ते सांगत गेले तसं तुम्ही उतरवून घेतलंत. अर्जातला तो परिच्छेद त्यांचा आहे. सुनावणी व्हिडिओवर झाली, माझ्या मोबाईलवर. समोरून विचारलं की नेमकं काय करता येत नाही, तेव्हा माझा माणूस न अडखळता बोलला. नकाराच्या पत्रानंतर तो इतकं सरळ बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला.

काम बंद असतानाची आठवड्याची भरपाई आणि ऑपरेशनचा खर्च मिळाला नाही. तो ह्या पॉलिसीत नाहीच, मागून उपयोग नाही, हे तुम्ही आधीच स्पष्ट केलं होतं, त्यामुळे वाईट वाटलं नाही. खोटी आशा न लावल्याबद्दलही आभार मानते.

मालकाकडची भरपाई हा वेगळा विषय आहे, विम्याचे पैसे आले म्हणून तो हक्क जात नाही, हेही तुमच्यामुळे कळलं. ह्यांच्या अपघाताच्या वेळी त्याला १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा लागत होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. तेव्हा तुम्ही ह्यांना एका सुताराची गोष्ट सांगितली होती. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, आणि एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली त्याचं अपंगत्व पूर्ण धरलं. हे लोकपालांपुढे बोलू नका, तिथे पॉलिसीच्या अटीच चालतात, असंही लगेच म्हणालात. पण घरी येताना हे तीच गोष्ट मला पुन्हा सांगत होते. आपल्या हाताची किंमत आपल्या कामावरून धरणारं कोणीतरी वर बसलेलं आहे, एवढ्याने त्यांना धीर आला. मालकाकडच्या भरपाईच्या केसचं वकीलपत्र मात्र तुमच्याच नावाने आहे आणि तिथली फी तुम्ही पूर्ण घ्यायची आहे. ह्यावर वाद नको.

तुमचं नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापलेलं नाही. ह्यांच्या ओळखीत आणखी एकाला असंच नकाराचं पत्र आलेलं आहे. पॉलिसीच्या पूर्ण अटींची प्रत मागवायला मी त्यांना सांगितलं आहे. ती हातात आली की सोमवारी संध्याकाळी, तुमच्या ऑफिसच्या वेळेत, त्यांना घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
एका जॉबरची पत्नी, सोलापूर